जावयाची शतपावली

“आई, आज राहू द्यायची का शतपावली?” दाराशी बूट चढवत टेरेन्सनं विचारलं. विचारलं अर्थात इंग्रजीतच. त्यातले मराठी शब्द दोन, आई आणि शतपावली.

“छे, चल.” अहिल्याबाईंनी काठी उचलली.

रोज जेवण झालं की जावई हेच विचारायचा आणि सासू हेच उत्तर द्यायची. बिचाऱ्याला आपल्या गुडघ्यांची काळजी, असं त्यांना वाटे. गुडघे खरंच गेले होते. डॉक्टरनं ऑपरेशन सांगून वर्ष होत आलं, तरी त्या पुढे ढकलत होत्या. का, ते लेकीलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये नागपूरहून अमेरिकेत, ट्रॉयला लेकीकडे आल्या, त्याच आठवड्यात संध्याकाळी त्या एकट्याच पाय मोकळे करायला गेल्या. सगळी घरं एका साच्यातली, वळण चुकलं. विचारत विचारत परतल्या, तर कोपऱ्यावर टेरेन्स उभा, दोन्ही हात लांब धरून, आणि समोर पोलीस. कुणीतरी फोन केला होता, एक काळा माणूस घराघरांत डोकावत फिरतोय म्हणून. अहिल्याबाईंनी पुढे होऊन त्याचा दंड धरला. “माय सन-इन-लॉ.” पोलिसाचा सूर लगेच मऊ झाला.

गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा, पाच वर्षं याच गल्लीत राहणारा इंजिनिअर. त्याची ओळख द्यायला चार दिवसांपूर्वी आलेली बाई लागली.

याला एकट्याला फिरू द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

आजही तो कानटोपी खिशात घालून, हात बाहेर ठेवून चालत होता. अहिल्याबाईंनी तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेली. कोण कुणाकडे बघून हसतं, ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. साडी दिसली की लोक हात हलवत. साडी दोन पावलं मागे पडली की तेच हात गॅरेजचं दार बंद करायचं बटण शोधत.

कुत्रेवाले आजोबा थांबले. अहिल्याबाईंना “छान हवा आहे” म्हणाले आणि टेरेन्सला विचारलं, “यांना सांभाळायला असतोस का?”

“हो. पण पगार देत नाहीत.”

आजोबा हसले. टेरेन्सही हसला, दमलेल्या माणसासारखा.

घराच्या पायरीवर अहिल्याबाईंचा गुडघा लचकला. टेरेन्सनं त्यांना उचलूनच सोफ्यावर आणलं आणि तो बर्फ आणायला स्वयंपाकघरात गेला.

“आता बास,” लेक, आश्लेषा म्हणाली. “सोमवारी फोन करून ऑपरेशनची तारीख घेतेय मी.”

अहिल्याबाईंनी तिचा हात ओढला. “घे. पण मग महिना-दीड महिना तू जायचंस त्याच्याबरोबर. एकटा सोडू नकोस.”

“कुठे?”

“फिरायला. त्याची रोजची सवय ती. मी होते म्हणून निभावलं.”



“आई, तो या गल्लीत कधी पायी फिरत नाही. तू साड्या वाळत घालतेस ती तळघरातली ट्रेडमिल कुणाची आहे? तुला शतपावलीशिवाय झोप येत नाही म्हणून येतो तो.”

“काहीतरीच. मग त्या दिवशी पोलिसानं धरलं, तेव्हा कशाला बाहेर पडला होता?”

आश्लेषानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. बर्फ भांड्यात पडत होता. तिनं आवाज खाली आणला.

“तुला सांगायचं नाही म्हणालाय. तुला शोधत होता.”