सकुबाईची हाक

भावाच्या हळदीला कुंडलिक आला नाही, तेव्हापासून सकुबाईने नवऱ्याशी बोलणंच टाकलं होतं. सिद्धगडाच्या पायथ्याला त्यांची जुनी विहीर होती, कैक वर्षं फळ्या टाकून झाकलेली. या उन्हाळ्यात कुंडलिकने तिच्यातला गाळ काढायचं ठरवलं. उजेडासाठी त्याने पेटता कंदील दोराने तळाशी सोडला आणि पायऱ्या उतरू लागला. सकुबाई काठावर मुकाट बसली होती. बघता बघता कंदील विझला.

"रॉकेल संपलं वाटतं," असं स्वतःशीच म्हणत तो आणखी खाली निघाला.

रॉकेल सकुबाईनेच भरलं होतं, अगदी काठोकाठ.

"अवो, वर या! खाली वायू साचलाय, श्वास कोंडंल!"

कुंडलिक भराभर वर आला. तिने कंदील पेटवून पुन्हा सोडला. तळाशी जाताच तो पुन्हा विझला.

"वायूचं सांगितलं म्हणून वाचलात," ती कंदील वर ओढत म्हणाली.

"वायूबियू मी ऐकलंच नाय गो," कुंडलिक हसला. "तू 'अवो' म्हणालीस, तेवढ्यावरच वर आलो."