गंधमुक्ती

२०१८ साल. गिरधर पाटलांच्या गंधमुक्तीच्या सकाळी ब्राह्मणपुरीच्या घरी त्यांची बंडी दोरीवर वाळत होती.

तापीबाईंनी ती ओढून नाकाला लावली. नुसता साबण. नवरा गेल्यापासून त्या बंडी उराशी धरून बसायच्या. तिला घामाचा, तंबाखूचा, केळीच्या चिकाचा वास होता. घास उतरत नव्हता, रडू फुटत नव्हतं. तेवढा वास होता.

"कोनी धोई व ही?"

"मी, आई." सून रोशनी नाशिकची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "सगळे गंधमुक्ती म्हणत होते. मला वाटलं, गेलेल्या माणसाचा वास घरातून काढायचा असतो."

सुतक फिटलं की नातलगांनी घरच्यांच्या कपाळी गंध लावायचं, एवढीच ती रीत. तापीबाईंच्या थोरल्या जाऊ फुलवंताबाई हसल्या. "नाशिकले कपायवर सेंट लावतस का व?"

तापीबाई कडाडल्या, "मन्हा धनी एकदाव मरना व्हता. तू त्याले आज परत मारं! तुन्हा हातनं पानी बी नको माले!"

शिव्या देतच त्या चुलीशी गेल्या. शिव्या देतच भाकरी थापली, खाल्ली. खाता खाता पहिल्यांदा रडल्या. रोशनी दारातून बघत होती.

पण राग ओसरला आणि तापीबाई पुन्हा भिंतीला टेकल्या. ताट तसंच राहू लागलं.

मग एके दिवशी वरण खारट झालं. तापीबाईंनी ताट भिरकावलं, तणतणत उठल्या, स्वतः रांधून जेवल्या. पुढे कधी भाकरी करपली, कधी दूध उतू गेलं. सून बिनकामाची, असं गावभर झालं.

तापीबाईंचा मुलगा हेमकांत बायकोवर भडकला. "साधं वरण जमत नाही तुला? लोक हसतात मला!"

"जमतं," रोशनी म्हणाली. "पण चांगलं झालं की आई उठत नाहीत."

त्यानंतर हेमकांत खारट वरण मुकाट्याने खाई. फुलवंताबाईंनी आपल्या धाकट्या मुलासाठी नाशिकची मुलगी काही पाहिली नाही. रोशनीचं नाव गावात वाईट ते वाईटच राहिलं. तापीबाई सहा वर्षं रांधत, भांडत जगल्या आणि शेवटी अंथरुणाला खिळल्या. रोशनीने भरवलेला पहिलाच घास त्यांनी थुंकला आणि खेकसल्या,

"आते तरी मीठ बरोबर टाक व, पोरी. आते मन्हाघाई उठावत नही."