लालासाहेबांचं पथ्य

लालासाहेबांनी ताटातली भेंडी बोटानं सरकवून पाहिली. तेलाचा थेंब नाही.

"आवं, जेवा की. उद्या फेरतपासणी हाय, मग बघू," बनुबाई म्हणाल्या आणि तसलीच भेंडी स्वतःला वाढून घेतली.

तीन महिन्यांमागं गावच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. निम्म्या गावाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. शेरडांमागं फिरून काटकी झालेल्या आकारामचंसुद्धा. नवराबायकोचे रिपोर्ट आणायला बनुबाई गेल्या, त्या पडेल चेहऱ्यानं परत आल्या. मालकांच्या रक्तात चरबी लय हाय म्हणाल्या, आणि कागद देवाच्या फोटोमागं ठेवून दिले. वीस वर्षं फौजेत काढलेल्या लालासाहेबांना ते काढून बघायची छाती झाली नाही.

त्याच दिवसापासून तळण बंद झालं, कालवणावरची तर्री गेली, रविवारचं मटण गेलं. एरवी त्या घरात हे चाललं नसतं. मागं बनुबाईंच्या पित्तापायी दोन दिवस मिळमिळीत शिजलं, तर मुलगा वीरधवल ताटावरून उठला होता. आता बापाच्या जिवाचा प्रश्न म्हटल्यावर तोही मुकाट गिळत होता.

लालासाहेबांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. जिना चढताना हात छातीवर जायचा. बसल्या बसल्या स्वतःची नाडी बघायचे. जमिनीची वाटणी करून टाकावी का, असं बायकोला दोनदा विचारून झालं. बनुबाई पाठ फिरवून भांडी लावत राहायच्या.

"काय हुत न्हाई तुमास्नी," एवढंच म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडच्या दवाखान्यात लालासाहेबांचं रक्त काढून झालं, तसा बनुबाईंनीही हात पुढं केला. आलोच हाय तर माझंबी बघा, म्हणाल्या.

दुपारनंतर आत बोलावणं आलं. शिबिर घेतलेल्या त्याच डॉक्टर आसिया समोर होत्या. लालासाहेब खुर्चीच्या कडेवर टेकले.

"खरं सांगा, डॉक्टरीणबाई. माझं किती दिस ऱ्हायल्यात?"

डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलली.

"तुमचं? तुम्हाला कुठं काय झालंय काका, शिबिरातही तुमचं नॉर्मलच होतं." मग त्या बनुबाईंकडं वळून हसल्या. "काकी, तुमची चरबी मात्र चांगली उतरली की. घरातल्यांना कसं पटवलं शेवटी?"