रंगवलेली खिडकी

"बाबा, घोड्यांना ऊन आणि आपल्याला सावली, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. हवेलीत राहतेस आणि हातमोजे घालून गृहपाठ करतेस, विचार तरी बाबांना! टॅम्सिननं विचारलं. शिडीखाली उभं राहून, चांगलं खणखणीत.

शिडीवर बाबा खोटी खिडकी रंगवत होते. दर्शनी भिंत दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी म्हणून घर बांधणाऱ्यानं ती बसवली होती. चौकट दगडाची, खरी. आत नुसती भिंत, तिला काचेसारखा काळा रंग आणि त्यावर पांढऱ्या पट्ट्या. त्याच भिंतीमागे टॅम्सिनची खोली. पलीकडून ओल यायची.

"पाहुणे उत्तरेच्या रस्त्यानं यायचे," बाबा म्हणाले. "म्हणून घराचं तोंड उत्तरेला. तबेला मागे, तो कुणाला दाखवायचा नव्हता. त्याला दक्षिणेचं ऊन मिळालं."

"म्हणजे आपण पाहुण्यांसाठी कुडकुडतोय?"

"ते तरी कुठे येतात आता?" आई म्हणाली. शिडी धरून तिचे हात भरून आले होते. अंगात जाड कोट होता. घरात जेवतानाही तो उतरत नसे. "जाइल्स, खाली ये. रात्रभर खोकत होतास."

"ही एक पट्टी राहिलीय."

"दरवर्षी एक राहिलेलीच असते."

बाबांनी ब्रश बुडवला. "आजोबांनी रंगवली, वडिलांनी रंगवली. मी सोडली तर घर एका डोळ्यानं आंधळं दिसेल."

"आतून ते आंधळंच आहे, बाबा."

बाबांनी ब्रश पट्टीवर टेकवला. पट्टी सरळ यायला श्वास रोखावा लागतो. त्यांनी रोखला, खोकला आला, पट्टी वाकडी गेली. ओल्या फडक्यानं ती पुसून त्यांनी पुन्हा ब्रश उचलला.

टॅम्सिन आत गेली. बऱ्याच वेळानं परत आली ती धापा टाकत, केसांत गवताच्या काड्या, गालावर गंज. हसू मात्र कानापर्यंत.

"मी तबेल्यात राहायला चाललेय," तिनं दोघांना सांगून टाकलं. "पूर्वी घोड्यांचे मोतद्दार राहायचे त्या वरच्या खोलीत. तिथली खिडकी उघडते. आई, तुझी गादी उन्हात पसरून आलेय. बाबा, तुझी जिन्यात ठेवलीय. ती तूच उचलायची."