विटेवरचं बी

तिसऱ्यांदाही काहीच उगवलं नाही, तेव्हा सुंदरबाईंनी मातीनं भरलेली परात अंगणात भिरकावून दिली.

"आगं, पिंपळाचं बी ते, खसखशीहून बारीक," शेजारची वनमाला म्हणाली. "बोटभर मातीखाली गाडल्यावर वर कसं येईल? नुसतं वरवर भुरभुरव. अन् तांब्यानं पाणी ओतू नगं, सगळं वाहून जातंय."

सुंदरबाईंचं डोकं महिनाभर तापलेलंच होतं. दारातला कडुनिंब नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेला. नवरा गेला, निंब राहिला. त्या चार दिवस लेकीकडे केजला गेल्या आणि तेवढ्यात भगवानरावांनी तो मुळासकट काढला. समोर बांधायला घेतलेल्या त्यांच्या नव्या बंगल्यात गाडी वळवायला अडचण होत होती म्हणे! गावात त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

जाब विचारायला गेल्या तर भगवानराव हसले. चोर तो चोर, वर शिरजोर.

"काकू, निंबच तोडला ना? पिंपळ असता तर हात लावला नसता. आमच्या आज्यानं पिंपळाचं एक रोप उपटलं अन् सहा महिन्यांत गेला. तवापासून आमच्या घरात पिंपळाचं नाव काढलं तरी हात जोडतेत."

"मंग मी पिंपळच लावते."

"लावा की! पुण्याचं काम हाय."

तळपायाची आग मस्तकात गेली. सुंदरबाई तिथून तडक पारावरच्या पिंपळाखाली गेल्या.

आता चौथ्यांदा त्यांनी पारावरच्या पिंपळाची पिकली फळं वेचली, पाण्यात कुस्करली, बी फडक्यावर सुकवलं. माती घेतलीच नाही. बंगल्याच्या बांधकामाच्या ढिगातले विटांचे तुकडे आणले, परातीत मांडले आणि खालून पाणी भरलं. वीट ओल धरून ठेवते. ओल्या विटेवर चिमटीनं बी भुरभुरवलं आणि वरून पातळ फडकं टाकलं.

बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. दीड महिन्यात दोन-दोन पानं फुटली, मुळांनी विटा घट्ट धरल्या. सुंदरबाईंचा राग मात्र कमी झाला नाही. सकाळी दार उघडलं की उघडं ऊन थेट चुलीपर्यंत यायचं आणि त्या नव्यानं पेटायच्या.

बंगल्याची मागची भिंत पुरी झाली आणि मिस्त्रीचे गडी ऊसतोडीला गेले. भिंतीला पाणी मारायला माणूस मिळेना.

"मी मारते. समोरच तर हाय," सुंदरबाई म्हणाल्या.

वनमाला संतापली. "लाज न्हाई का तुला? ज्यानं तुझा निंब पाडला, त्याचीच भिंत पक्की करायलीस?"

"भिंतीनं काय केलं माझं?"

पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, शिडीवर चढून सुंदरबाईंनी मागची भिंत भिजवली. मागं कुणी फिरकत नव्हतं. गावात बोललं गेलं, की म्हातारीनं राग गिळला. वनमालानं तर बोलणंच टाकलं.

वास्तुशांतीच्या सकाळी भगवानराव साडी घेऊन स्वतः दारात आले. मनाला कुठंतरी लागलं असावं.

"काकू, झालं गेलं सोडून द्या. तुमच्या हातानं भिंत लोखंडावानी झाली. जेवायला या." त्यांची नजर रिकाम्या परातीवर गेली. "रोपं लावली वाटतं?"

"लावली."

"जगतेत का?"

"लई जोमात हायेत."

"बेस झालं. सावली होईल."

"बघू," सुंदरबाई म्हणाल्या. साडीला त्यांनी हात लावला नाही.

तेवढ्यात बंगल्यामागून मिस्त्रीची हाक आली. मागच्या भिंतीचा गिलावा तेवढा राहिला होता; परांचीच्या बांबूंनी भिंतीत सोडलेली भोकं बुजवून तो त्याला हात घालणार होता. भगवानराव तिकडे धावले. सुंदरबाईही पदर खोचून सावकाश मागोमाग गेल्या.

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली होती, चपला काढल्या होत्या आणि भिंतीसमोर हात जोडले होते. एकवीसच्या एकवीस भोकांत विटेचा एकेक तुकडा घट्ट बसला होता, आणि प्रत्येकावर पिंपळ होता.