ताटातलं वाण

कँटीनमध्ये सगळे जेवत असताना भिंतीवरचं परतावायंत्र बोलू लागलं. कुठलं पीकसंशोधन पुढे किती पैसा मिळवून देईल हे ते आधीच सांगायचं, आणि त्याच्या शब्दावर देशातले प्रयोग चालायचे किंवा बंद पडायचे.

"डोंगरपट्ट्यात भात आणि नाचणी नव्या करपा रोगानं जळत आहेत. पाडवींचं नाचणीचं वाण तेवढं टिकेल. परतावा चारशेपट. प्रयोग तातडीनं सुरू करा."

संचालक कानडे घास हातात धरूनच उठले. "पाडवी मॅडम, ऐकलंत? बियाणं काढा!"

डॉ. रेवती पाडवी जागच्या हलल्या नाहीत. "गेल्या महिन्यात यानंच परतावा शून्य सांगितला होता. का, ते विचारलंत? आमचे लोक नाचणी विकत नाहीत, घरी खातात. पोटात गेलेलं धान्य याच्या हिशोबात येतच नाही! निदान मूठभर बी ठेवा म्हणून मी हात जोडले होते."

"जुनं उगाळत बसू नका हो. माणसं उपाशी मरतील तिकडे. बी कुठंय?"

"मरतील ती माझी माणसं आहेत, साहेब!" त्यांचा आवाज चढला. "बंद प्रयोगाचं धान्य कँटीनला द्यायची रीत तुमचीच ना? शीतगृहातलं बीसुद्धा तुम्हीच झाडून दळायला पाठवलंत."

कानड्यांनी हातातल्या तांबूस भाकरीकडे पाहिलं आणि ती हळूच ताटात ठेवली.

"ठेवता कशाला?" रेवतीबाई म्हणाल्या. "आत्ताच म्हणालात ना, गोड लागते म्हणून? खा."