पान चार, खालची जाहिरात

तिसऱ्यांदाही वाक्य उडालं होतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये समीक्षा पडद्यासमोर बसली होती आणि तिचं डोकं भणभणत होतं. मुक्त ज्ञानकोशावर तिनं आपल्या तांड्याचं पान लिहिलं होतं. बाकी सगळं तसंच राहायचं, एवढं एकच वाक्य कोणीतरी दर वेळी काढून टाकायचं: 'तांड्याचा बंधारा तीस वर्षांपूर्वी मानीबाई राठोड आणि तांड्यातल्या बायकांनी गोटे वाहून बांधला.' कारणही दर वेळी तेच. संदर्भ नाही.

"सर, मानीबाई जित्ती हाय. तिले विचारा म्हणा ना त्यायले!"

"माणूस संदर्भ होत नाही, समीक्षा," राजदीप सर म्हणाले. हेही त्यांनी तिसऱ्यांदाच सांगितलं. "छापून आलेलं पाहिजे. कोणीही येऊन काहीही लिहून गेलं, तर तो ज्ञानकोश कसला?"

नियम तिलाही पटत होता, हाच तर ताप होता. म्हणून तर ती बस स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या घनश्यामभाऊकडे गेली होती. तालुक्याच्या बातम्या पेपरला तोच पाठवायचा. त्यानं मानीबाईची हकिकत तासभर बसून लिहून घेतली, "झकास लावतो" म्हणाला, आणि आज बातमी आली. पान चार. कोट घातलेला रामधन चव्हाणचा फोटो, वर मथळा: 'युवा नेते रामधन चव्हाण यांच्या प्रेरणेतून साकारला होता तांड्याचा बंधारा.' बंधारा तीस वर्षांपूर्वीचा, हे बरोबर छापलं होतं. मानीबाईचं नाव कुठंच नव्हतं. शेवटी 'महिलांनीही श्रमदान केले', बस, संपलं.

समीक्षानं सकाळीच फोन लावला होता.

"भाऊ, हे काय छापलं तुम्ही?"

"अवं बाई, फोटोबिगर बातमी लागत नाही. अन् फोटो कोणाचा लावू? पेपरले जाहिरात कोण देते, मानीबाई का रामधन? बायकायचं लिहिलं ना खाली!"

आणि दोन वाजता मानीबाई स्वतः यायची होती. बाजार करून, आपलं नाव ऐकायला. साऱ्या तांड्याला सांगून निघाली होती.

"समीक्षा, तुह्यं काम केलं मी," मागच्या खुर्चीवरून नयन ओरडला. सरांच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रासाठी प्रत्येकाला ज्ञानकोशात पाच नोंदी कराव्या लागत, आणि नयनच्या चारच झाल्या होत्या. त्यानं टेबलावरचा पेपर ओढून बंधारा रामधनच्या नावावर चढवून टाकला होता. खाली पेपरचं नाव, तारीख, पान, सगळं टाकून. "आता नाही उडत, पाह्य."

"तुले अक्कल हाय का रे? खोटं हाय थे!"

"छापील हाय."

खरंच नाही उडालं. समीक्षानं ते काढलं, तर दोन मिनिटांत परत आलं, वरून तिलाच ताकीद: संदर्भ असलेला मजकूर काढू नये. कॉम्प्युटर उचलून आपटावा असं तिला वाटलं. तिनं सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. मुलांना नियम त्यांनीच शिकवला होता.

तेवढ्यात मानीबाई आली. चपला तिनं दाराबाहेर काढल्या, भाजीची पिशवी पायाशी ठेवली, नयननं दिलेल्या खुर्चीत अवघडून बसली.

"वाच वं पोरी."

समीक्षाला मनचं काही वाचता आलं असतं. पण तिला ते जमलं नाही. जे पडद्यावर होतं तेच तिनं वाचलं, मान खाली घालून.

मानीबाई खो-खो हसत सुटली.

"रामधन? अवं, तवा तो पाळण्यात होता! पळसाच्या फांदीले लुगड्याची झोळी बांधली होती. त्याची माय आमच्यासंगं गोटे वाहे. तो रडला का काम बंद! एवढीच त्याची मदत."

नयन हसला, सरही हसले. समीक्षा मात्र हसली नाही. तिनं नयनच्या हातातला पेपर ओढून घेतला आणि पूर्ण उलगडला. बातमीच्या खालीच, अर्धं पान अडवून, जाहिरात होती. तोच फोटो, तोच कोट, भोवती शुभेच्छुकांची तोंडं. 'युवा नेते रामधन चव्हाण यांना एकतिसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!'

वर तीस वर्षांपूर्वीचा बंधारा, खाली एकतिसावा वाढदिवस. एकाच पानावर! आणि सकाळपासून एकाही शहाण्यानं वजाबाकी केली नव्हती. तिनं स्वतःही नाही.

तिनं नयनच्या वाक्यापुढे दुसरं वाक्य टाकलं: 'बंधारा बांधला गेला तेव्हा रामधन चव्हाण एक वर्षाचे होते.' संदर्भ: तोच पेपर, तीच तारीख, पान चार, खालची जाहिरात.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. वाक्य जागेवर होतं.

"आता नाही काढत कोणी," सर म्हणाले. "छापील आहे."

नयननं टाळी वाजवली. आजूबाजूची पोरंही उठून पाहायला आली, कोणीतरी शिट्टी मारली. मानीबाईनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तीही खूश झाली. पदराला हात पुसून ती पुढे झुकली, पडद्यापाशी बोट नेलं, पण काचेला लावलं नाही.

"यातलं माहं नाव कोणतं वं," तिनं विचारलं, "थे दाखव."